पेन्सिलीचं टोक कुठं हरवतं?
प्रश्न तुमचे : जुन्या मायक्रोस्कोपवरचा कॅमेरा ल्युसिडा

स्लाइडवर दिसतं ते बघत बघतच कागदावर गिरवता यावं म्हणून मायक्रोस्कोपच्या आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) बसवायची जोडणी म्हणजे कॅमेरा ल्युसिडा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळा-कॉलेजांच्या कपाटांत ही जोडणी अजून सापडते, आणि सापडली की पाठोपाठ आमच्याकडे पत्र येतं. तशी साठलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका लाकडी पेटीत पितळी कडं, त्यावर बिजागरीनं उघडणारा काचेचा छोटा ठोकळा, आडवी दांडी, दांडीच्या टोकाला आरसा आणि फिरत्या चकत्यांत बसवलेल्या करड्या काचा असं साहित्य मिळालं. बसवून पाहिलं. स्लाइड दिसते तेव्हा पेन्सिल दिसत नाही. दिवा लावून पेन्सिल दिसायला लागली की स्लाइड पुसल्यासारखी होते. प्रिझम खराब झालाय का? (प्राध्यापक, कराड)

उत्तर : प्रिझम बहुधा ठणठणीत आहे. तुमच्याकडची जोडणी अ‍ॅबे पद्धतीची आहे. तो ठोकळा म्हणजे दोन काटकोनी प्रिझम कर्णाच्या बाजूनं एकमेकांना चिकटवलेले असतात. चिकटवलेल्या तिरक्या पृष्ठावर चांदीचा मुलामा असतो आणि मुलाम्याच्या मधोमध एखाद-दोन मिलिमीटरचं गोल छिद्र ठेवलेलं असतं. मायक्रोस्कोपची प्रतिमा त्या छिद्रातून सरळ वर येते. कागदाची प्रतिमा आधी आरशावर, तिथून आडवी ठोकळ्यात, आणि छिद्राभोवतीच्या चांदीवरून वर येते. दोन्ही एकाच वेळी डोळ्याच्या बाहुलीत शिरतात, म्हणून पेन्सिल स्लाइडवरच फिरतेय असं वाटतं.

आता दोन्हींपैकी एक बाजू दुसरीपेक्षा फार उजळ झाली की डोळा उजळ बाजूच घेतो. तुमची सगळी तक्रार एवढीच आहे. करड्या काचा त्यासाठीच दिलेल्या आहेत: एक चकती मायक्रोस्कोपच्या वाटेवर, दुसरी कागदाच्या वाटेवर. ४× किंवा १०× ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) लावलं की स्लाइड भगभगीत असते, तेव्हा मायक्रोस्कोपच्या बाजूची काच गडद करा. ४०× आणि त्यापुढे स्लाइड अंधारते, तेव्हा कागदाच्या बाजूची गडद करा. ऑब्जेक्टिव्ह बदललं की हा हिशेब पुन्हा करावा लागतो. एकदा जुळवून दिवसभर चालेल ही अपेक्षा ठेवू नका.

चकत्यांवरच भिस्त ठेवण्यापेक्षा उजेडच हाताशी घ्या. मायक्रोस्कोपचा प्रकाश कमी करायचा तर कंडेन्सरच्या (स्लाइडखाली प्रकाश गोळा करणाऱ्या भिंगाच्या) खाली बटर पेपरचे एक-दोन तुकडे टाका. तिथं ठेवलेला कागद कितीही भुरकट असला तरी प्रतिमा बिघडत नाही. डोळ्याजवळ तोच तुकडा धरला तर सगळं धुकं होईल. प्रकाश कमी करायला कंडेन्सरची झडप मिटवत नेण्याची सवय मात्र सोडा. झडप फार मिटली की प्रत्येक पेशीभोवती जाड काळी रेघ येते आणि तुम्ही नसलेली भिंत इमानेइतबारे गिरवता. कागदावर वेगळा टेबल-लॅम्प हवा, आणि तो मागेपुढे सरकवता आला पाहिजे. दिवा ३० सेंमीवरून ६० सेंमीवर नेला की कागदावरचा उजेड साधारण चौथाईवर येतो, त्यामुळे चार बोटं सरकवूनही फरक जाणवतो.

खोलीची ट्यूबलाइट बंद ठेवा. लख्ख उजेडात डोळ्याची बाहुली आक्रसते, आणि आक्रसलेली बाहुली मधल्या छिद्रापुरतीच उरते. भोवतीच्या चांदीवरून येणारा कागद तिच्या बाहेर राहतो. खिडकीशेजारी भर दुपारी पेन्सिल नेमकी गायब होते ती यामुळे.

जुळलं की नाही हे असं ओळखायचं: एचबी पेन्सिलीला लांब टोक काढा आणि ते एखाद्या पेशीभित्तिकेवर टेकवा. टोक करड्या, धारदार काट्यासारखं दिसलं पाहिजे आणि त्याच्याखालची भिंतही तुटता कामा नये. नुसती बोटांची सावली दिसते पण टोक नाही, तर कागद अजून अंधारात आहे. टोक दिसतं पण भिंत त्याच्याजवळ आली की विरते, तर कागद जास्त उजळ आहे.

प्रश्न : द्राक्षावरच्या केवडा रोगाच्या (डाउनी मिल्ड्यू) नमुन्यांची चित्रं काढतो. दृश्यवर्तुळाची एक बाजू चंद्रकोरीसारखी काळी दिसते. शिवाय डोकं जरा हललं की पेन्सिलीची रेघ चित्रावरून घसरते. (कृषी पदव्युत्तर विद्यार्थी, तासगाव)

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत, दोन्ही सुटतात.

आयपीसमधून बाहेर पडणारा सगळा प्रकाश आयपीसच्या किंचित वर एका बारीक ठिपक्यात गोळा होतो. प्रिझममधलं छिद्र बरोबर त्या ठिपक्यावर यायला हवं. ठिपका केवढा असतो ते साध्या हिशेबात कळतं: ऑब्जेक्टिव्हवर कोरलेल्या एन.ए.ला (न्यूमरिकल अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेतं तो आकडा) ५०० नं गुणा आणि एकूण वर्धनानं भागा. १०×/०.२५ ऑब्जेक्टिव्ह आणि १०× आयपीस असेल तर १.२५ मिमी. ४०×/०.६५ असेल तर ०.८ मिमी. म्हणजे केसभर चूकही महागात पडते.

ठिपका शोधायला जोडणी काढून ठेवा, स्लाइड फोकस करा आणि आयपीसवर पातळ कागदाचा तुकडा धरून वर-खाली करा. उजेडाचं वर्तुळ सर्वांत लहान आणि धारदार होईल ती उंची. आता कडं नळीवर चढवून छिद्र त्या उंचीला आणा आणि मग कड्याच्या बाजूच्या स्क्रूंनी प्रिझम डावी-उजवीकडे, पुढे-मागे सरकवा. काळी कोर एकाच बाजूला असेल तर प्रिझम बाजूला सरकलाय. काळी कड चारी बाजूंनी सारखी असेल तर उंची चुकलीय. मुलं कोर घालवायला उंचीच बदलत बसतात आणि अर्धा तास जातो.

१५× चा जुना हायगेन्स आयपीस असेल तर तो बाजूला ठेवा. त्याचा ठिपका भिंगाला इतका चिकटून असतो की प्रिझम तिथं पोचतच नाही. ५×, ६× किंवा फार तर ८× वापरा. वर्धन कमी पडलं तर ऑब्जेक्टिव्ह वाढवा.

घसरण्याचं कारण वेगळं. स्लाइडची प्रतिमा एका अंतरावर आणि कागद दुसऱ्याच अंतरावर असला की डोकं हलताच एकावरून दुसरं सरकतं, जसं चालत्या एसटीतून जवळचं झाड लांबच्या डोंगरावरून सरकतं. आधी पेन्सिलीच्या टोकावर नजर स्थिर करा, ती तशीच ठेवून फाइन फोकस फिरवा आणि स्लाइड धारदार करा. उलट क्रमानं केलं तर जमत नाही. मग डोकं मुद्दाम हलवून बघा.

चाळिशीचा चष्मा असणाऱ्यांना आणखी एक अडचण येते: नजर जवळ टिकतच नाही. त्यांनी कागदाच्या वाटेवर, प्रिझम आणि आरशाच्या मध्ये, बहिर्गोल भिंग ठेवावं. प्रिझमपासून आरशामार्गे कागदापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि १००० ला त्यानं भागा. येईल तो भिंगाचा नंबर. ४०० मिमीला +२.५, २५० मिमीला +४. चष्म्याच्या दुकानात फ्रेमच्या आकारात न कापलेलं गोल भिंग मिळतं. मग लांबच्या नजरेनं, डोळा सैल ठेवून काम होतं. हे भिंग घातल्यावर मापाचा आकडा मात्र पुन्हा काढावा लागेल.

प्रश्न : स्लाइडवर गोल दिसणारा परागकण कागदावर अंडाकृती येतो. हात थरथरतो म्हणावं तर दर वेळी अंडं एकाच दिशेला. (शिक्षिका, वाई)

उत्तर : हाताचा काही दोष नाही. आरसा ४५ अंशांवर नाही, किंवा कागदाखालची फळी त्याला जुळत नाही.

आडव्या दांडीवरून आलेली किरणरेषा ४५ अंशांच्या आरशावरून सरळ खाली जाते आणि सपाट टेबलावर काटकोनात पडते. पण आरसा ४५ अंशांवर ठेवला तर कित्येकदा वर्तुळाचा काही भाग मायक्रोस्कोपच्या पायावर पडतो, म्हणून आपण आरसा थोडा चपटा करून चित्र बाहेर ढकलतो. आरसा ५ अंशांनी हलला की किरण १० अंशांनी हलतो. आरसा ४० अंशांवर असेल तर फळीला १० अंशांचा उतार द्यावा लागतो, ३५ वर असेल तर २० अंशांचा. उतार मायक्रोस्कोपच्या दिशेनं: जवळची कड खाली, बाहेरची कड वर. ३० सेंमी रुंद फळीची बाहेरची कड ५.२ सेंमी उचलली की १० अंश होतात. एखादं जाडजूड पुस्तक पुरतं. जुन्या जोडण्यांच्या दांडीवर आणि आरशाच्या धुरीवर आकडे कोरलेले असतात, ते यासाठीच.

जोडणी तिरक्या नळीच्या मायक्रोस्कोपवर असेल, किंवा तुम्ही उभा मायक्रोस्कोप बसायच्या सोयीसाठी कलवला असेल, तर नळी उभ्या रेषेपासून जितकी कललीय तितकाच उतार फळीला तुमच्या बाजूनं द्या, शाळेतल्या तिरक्या डेस्कसारखा. ४५ अंशांच्या नळीला ४५ अंशांची फळी लागते आणि तिच्यावर हात टिकत नाही. म्हणून चित्रासाठी सरळ उभ्या एकनळी मायक्रोस्कोपला तोड नाही.

तपासायला परागकण नको. मापपट्टीची स्लाइड आधी आडवी, मग ९० अंशांनी फिरवून उभी काढा. दोन्ही रेघा सारख्या आल्या की जुळलं.

प्रश्न : मापपट्टीची स्लाइड आमच्याकडे नाही, नवीन परवडत नाही. मग चित्र किती पट मोठं आलं ते कसं सांगायचं? ऑब्जेक्टिव्ह ४०, आयपीस १० म्हणून ४०० लिहिलं तर चालेल का? (बी.एस्सी. विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : चालणार नाही. ४०० हा आकडा प्रतिमा २५० मिमी अंतरावर आहे असं धरून येतो. तुमचा आरसा प्रिझमपासून १०० मिमी आणि टेबल आरशापासून ३०० मिमी असेल तर कागद ४०० मिमीवर आहे, आणि चित्र १.६ पट जास्त मोठं, म्हणजे ६४० पट आलं. फळीखाली १५० मिमीचे ठोकळे ठेवले तर पुन्हा ४०० च्या आसपास येईल. आसपासच, कारण जुन्या ऑब्जेक्टिव्हवर कोरलेला आकडा आणि खरा आकडा यांतही फरक असतो.

मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात राहून मापपट्टी नाही म्हणता, याची मात्र गंमत वाटली. कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तपेशी मोजायची न्यूबाउअर चेंबर, म्हणजे बारीक चौकोन आखलेली जाड काच, असते, आणि कडेला टवका उडालेली चेंबर लॅबला नकोच असते. तिच्या मधल्या १ मिमी चौकोनातले सर्वांत बारीक चौकोन बाजूला ०.०५ मिमी, म्हणजे ५० मायक्रॉनचे असतात. कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनांचे १६ भाग केलेले असतात, त्यांची बाजू ०.२५ मिमी. १०× ला मोठे चौकोन वापरा, ४०× ला बारीक. चेंबर जाड असल्यानं १००× तिच्यावर लावू नका.

काढायची रीत: एकच चौकोन गिरवू नका, ओळीनं चार गिरवा आणि एकूण लांबी मोजा, म्हणजे रेघेच्या जाडीची चूक चारांत वाटली जाते. चार बारीक चौकोन म्हणजे ०.२ मिमी. कागदावर ते ९० मिमी आले तर चित्र ४५० पट. मग कागदावर ९ मिमी लांब आलेली बीजाणुधानी (बुरशीची बीजाणूंची पिशवी) खरी २० मायक्रॉनची. चौकोनाची रेघ नेहमी डाव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत मोजा. आतून-आतून मोजलं की दर वेळी रेघेएवढं कमी भरतं.

हा आकडा पाच गोष्टींच्या एका जुळणीपुरताच खरा: ऑब्जेक्टिव्ह, आयपीस, ओढनळीची (आयपीस धरणाऱ्या, आत-बाहेर सरकणाऱ्या नळीची) लांबी, दांडीवरचं आरशाचं अंतर, फळीची उंची. एक बदललं की आकडा गेला. यातली ओढनळी सगळे विसरतात. बऱ्याच जुन्या मायक्रोस्कोपची नळी १६० मिमीसाठी असते, लाइट्झ कंपनीच्या जुन्या ऑब्जेक्टिव्हना १७० लागते; नळीवर आकडे असतात, तिथं पेन्सिलीनं खूण करून ठेवा. पाचही आकडे आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवा.

प्रश्न : दांडीवरचा आरसा फुटला होता. गावातल्या काचवाल्याकडून तेवढाच तुकडा कापून बसवला. आता प्रत्येक रेघेला एक फिकट जोडरेघ दिसते. (फलटण)

उत्तर : घरगुती आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो. थोडा प्रकाश काचेच्या पुढच्या पृष्ठावरून परततो, बाकीचा मागून, आणि तिरक्या आरशात ही दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी पडतात. काच जितकी जाड तितकं अंतर जास्त. तुम्हाला पुढून मुलामा दिलेला आरसा हवा.

तो विकत शोधत बसू नका. कॉलेजच्या अडगळीत ओव्हरहेड प्रोजेक्टर धूळ खात पडलेला असतो. त्याच्या वरच्या डोक्यातला तिरका आरसा बहुधा अशाच मुलाम्याचा आणि चांगला मोठा असतो. खात्री करायला आरशाला कागदाचा टोकदार कोपरा अलगद टेकवा. कोपऱ्याचं टोक आणि प्रतिबिंबातलं टोक एकमेकांना चिकटले तर मुलामा पुढे आहे. मध्ये फट दिसली तर मागे. नख किंवा पेन टेकवू नका, हा मुलामा बोटाच्या घामानंही डागाळतो.

किती मोठा कापायचा? १०× आयपीसमधलं वर्तुळ २५० मिमीवर साधारण १६० मिमी व्यासाचं दिसतं. प्रिझमपासून १०० मिमीवरच्या आरशाला ते पूर्ण मावायला ६४ मिमी रुंदी आणि, तिरका असल्यामुळे, ९० मिमी लांबी लागेल. पण वर्तुळाच्या कडेला प्रतिमा वाकलेली असते, तिथलं चित्र तसंही काढू नये. मधल्या दोन-तृतीयांशापुरता ४५ × ६० मिमीचा तुकडा पुरे. काचवाल्याला हिरा मुलामा नसलेल्या बाजूनं ओढायला सांगा. बसवताना मागे दुहेरी फोम टेपचा एकच ठिपका मधोमध द्या. चारी कोपरे आवळले की पातळ आरसा वाकतो आणि वर्तुळ पुन्हा अंडं होतं.

स्कॅनरमधल्या अरुंद पट्ट्या पुढून मुलामा दिलेल्याच असतात, पण रुंदीला कमी पडतात.

प्रश्न : कड्याचा व्यास आमच्या नळीपेक्षा मोठा आहे. कागद गुंडाळून बसवलं तर डुगडुगतं. (सांगली)

उत्तर : कागद दबतो, म्हणून डुगडुगतं. व्हर्नियरनं नळीचा बाहेरचा आणि कड्याचा आतला व्यास मोजा. आयपीसचा नव्हे, नळीचा. फरक मिलिमीटरभर असेल तर पितळी शिमची (पातळ पत्र्याची) पट्टी गुंडाळा. जास्त असेल तर कुपवाडच्या एखाद्या लेथवाल्याकडून पितळेची बुश (मध्ये बसणारी नळकांडी) कातून घ्या आणि तिला उभी एक चीर द्यायला सांगा, म्हणजे स्क्रू आवळला की ती नळीला धरेल. जुन्या नळीवर स्क्रूचं टोक थेट आवळू नका. पितळ मऊ असतं, खड्डा पडतो आणि ओढनळी अडकते.

प्रश्न : डावखुऱ्याला ही जोडणी वापरता येते का? (कोरेगाव)

उत्तर : कडं १८० अंश फिरवा, आरसा डावीकडे येईल. फळी आणि दिवा त्याच्या मागोमाग.

प्रश्न : जोडणी मिळत नाही आणि विकत घ्यायची नाही. जुना कलणारा पितळी मायक्रोस्कोप आहे. घरी काही करता येईल? (विटा)

उत्तर : येईल, आणि ते दिसतं तितकं कच्चं काम नाही. विल्यम वॉलस्टननं १८०६ साली कॅमेरा ल्युसिडाचं पेटंट घेतलं तेव्हा त्याच्याकडे चार बाजूंचा प्रिझम होता. पुढे लंडनच्या लायोनेल बील यांनी आयपीससमोर ४५ अंशांवर काळसर काचेचा एक तुकडा धरून तेच काम साधलं. तुम्हाला बील यांची रीत सोयीची.

मायक्रोस्कोप पूर्ण आडवा करा. नळीचा मध्य टेबलापासून २५० मिमी उंच येईपर्यंत पायाखाली ठोकळे द्या, आणि पाय ठोकळ्यांना दोरीनं बांधा. आडवा झालेला मायक्रोस्कोप पुढच्या बाजूला जड होतो. खालचा आरसा काढून दिवा थेट कंडेन्सरसमोर ठेवा.

काच म्हणून २२ × ५० मिमीची लांब कव्हरस्लिप घ्या. काळ्या जाड कार्डाची १५ मिमी रुंद पट्टी आयपीसच्या डोक्याभोवती गुंडाळून कडं करा. कड्याच्या डाव्या-उजव्या बाजूला पुढे आलेले दोन कान ठेवा, प्रत्येकी २५ मिमी लांब. दोन्ही कानांत ४५ अंशांची चीर पाडून त्यांतून कव्हरस्लिप आडवी सरकवा. खालची कड आयपीसच्या जवळ, वरची कड तुमच्याकडे झुकलेली. वर आणि खाली कार्ड असता कामा नये. आता वरून सरळ खाली बघा: काचेतून कागद दिसेल आणि काचेवर स्लाइड.

इथं उजेडाचा हिशेब अ‍ॅबेच्या उलट बसतो. कव्हरस्लिपवरून स्लाइडचा दहावा हिस्साच प्रकाश परततो, कागदाचा मात्र नऊ हिस्से आत येतो. म्हणून दिवा जोरदार हवा आणि कागद जवळजवळ अंधारात. स्लाइडची जाड काच कव्हरस्लिपच्या जागी लावू नका. तिच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठांवरून दोन चित्रं येतील. बील यांची काच काळसर होती ती मागचं चित्र गिळून टाकायला.

आडव्या स्टेजवरून पाण्यातला नमुना घसरतो, म्हणून कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशनं बंद करा. तेलाचं १००× इथं नकोच.

यात एक खोडी आहे. परावर्तन एकच असल्यानं चित्र उजवं-डावं उलटं येतं. चौकोनी पेशीला फरक पडत नाही, पण स्पायरोगायराच्या हरितलवकाचं सर्पिल किंवा गोगलगायीच्या शंखाचा वळसा उलटा निघाला की ओळखच चुकते. ट्रेसिंग पेपरवर काढा, कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा आणि मागून शाई भरा. अ‍ॅबे आणि वॉलस्टन यांच्या जोडण्यांत परावर्तनं दोन असतात, तिथं हा प्रश्न येत नाही.

प्रश्न : कासच्या पठारावरच्या वनस्पतींच्या बियांची चित्रं काढायची आहेत. बिया काळपट, प्रकाश आरपार जात नाही. (सातारा)

उत्तर : आधी एक गोष्ट: कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत आहे, तिथून बी उचलायचं तर वन खात्याची लेखी परवानगी हवी. शक्य असेल तर हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) नमुन्यांवर काम करा. सीतेची आसवं आणि गेंद या गटांत बियांची नक्षी ओळखीला फार उपयोगी पडते, त्यामुळे मेहनत वाया जाणार नाही.

४× ऑब्जेक्टिव्ह लावा, खालचा दिवा बंद करा आणि वरून दोन बाजूंनी एलईडी टाका, एक जवळ, एक लांब, म्हणजे उंचसखलपणा उठून येईल. तरी बी अंधारंच राहील आणि पांढरा कागद त्याला गिळेल. म्हणून काळा कार्डपेपर घ्या आणि पांढऱ्या पेन्सिलीनं काढा. काळ्यावर बी टिकतं आणि पांढरं टोकही दिसतं. नंतर ट्रेसिंग करून शाई भरा.

प्रश्न : प्रिझमच्या आत कोपऱ्यातून पिसासारखी रंगीत नक्षी पसरतेय. स्पिरिटनं पुसलं, वाढली. (पाटण)

उत्तर : पुसणं लगेच थांबवा. ही नक्षी बाहेर नाही, दोन प्रिझमांच्या मधल्या चिकटीत आहे. जुनी चिकट म्हणजे कॅनडा बाल्सम. ती सुकून सुटली की मध्ये हवेचा पातळ थर येतो आणि इंद्रधनुष्यी रंग दिसतात. झायलीनमध्ये बाल्सम विरघळतो, स्पिरिटही सुटलेल्या कडेतून आत शिरून नुकसान करतं. नक्षी मधल्या छिद्रापर्यंत आली नसेल तर जोडणी आहे तशी वापरा. ठोकळा उघडू नका. चांदी चिकटीबरोबर सोलून निघते आणि ते छिद्र पुन्हा घरी जमत नाही.

नक्षी रंगीत नसून करड्या धाग्यांची असेल आणि बाहेरच्या पृष्ठावर असेल, तर ती बुरशी. ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब लेन्स टिश्यूवर घेऊन एकाच दिशेनं पुसा, घासू नका. पाटण-महाबळेश्वरच्या पावसात चामड्याची किंवा मखमलीची पेटी ओल धरून ठेवते. जून ते ऑक्टोबर जोडणी पेटीबाहेर, घट्ट झाकणाच्या डब्यात निळ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत परता. ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नका.

प्रश्न : मोबाइल आयपीसला लावून फोटो निघतो. मग ही खटपट कशाला? (वाळवा)

उत्तर : फोटो काढाच, पुरावा म्हणून तो हवा. पण ४०× ऑब्जेक्टिव्हखाली एका वेळी एखाद-दोन मायक्रॉन जाडीचाच थर स्पष्ट असतो. केवड्याचा बीजाणुधर (बीजाणू धरणारा देठ) काटकोनात फांद्या फोडतो, त्यातली एक फांदी वर, एक खाली. फोटोत एक धारदार आणि बाकीच्या धूसर. चित्र काढताना डावा हात फाइन फोकसवर राहतो: ही फांदी फोकस केली, गिरवली, पुढची फोकस केली, गिरवली. सगळी रचना एका कागदावर येते. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या शेपटीकडच्या रेषांचंही तेच.

बीजाणुधर वर्तुळात मावत नसेल तर तुकड्यांनी काढा. फळीवरून कागद हलवायचा नाही, तो फळीला चारी कोपऱ्यांत टेपनं चिकटवलेला असतो. एक भाग झाला की स्लाइड सरकवा, आणि आधी काढलेला फांदीचा एक फाटा नव्या प्रतिमेत त्याच रेघेवर येईल अशी फळीच सरकवून बसवा, नंतर पुढचं काढा. फळी आणि मायक्रोस्कोप एकाच शहाबादी फरशीवर ठेवलेत तर हाताच्या दाबानं काही हलत नाही. प्लायच्या हलक्या टेबलावर कोपर टेकला की १००× खालचं चित्र उडी मारतं.

प्रश्न : छापायला देताना चित्राखाली '×४५०' लिहू की पट्टी काढू? (आटपाडी)

उत्तर : पट्टी. छापखान्यात चित्र निम्मं झालं की '×४५०' खोटं ठरतं, पट्टी चित्राबरोबरच लहान होते. ४५० पट चित्रात ५० मायक्रॉनची पट्टी २२.५ मिमी. शाई भरायला ०.३ आणि ०.२ ची पेनं घ्या: बाह्यरेषा ०.३, आतलं ०.२. निम्म्यावर गेल्यावर त्या ०.१५ आणि ०.१ उरतात, ०.१ चं पेन वापरलं तर ०.०५ ची रेघ छपाईत तुटते. सावली ठिपक्यांनी द्या. पेन्सिलीची करडी छटा निम्म्यावर गेली की डाग होते.